पाळण्यासाठी मागवलेला ग्राइंडर

जोयड्याच्या कचेरीसमोरील फणसाखाली मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण अर्जदारांनी दिले. त्यातून हाती आलेला एक नियम मी कसोशीने पाळत असे: हवे त्याच्या दुप्पट मागावे. छपराला दहा पत्रे हवे असतील तर वीस लिहावेत. साहेब निम्मे कापतात आणि गरजेपुरते बरोबर मिळते.

एका सकाळी गुंद गावचे कातारीमामा समोर येऊन बसले. लेथवर लाकूड कातून लाटणी, पलंगाचे पाय करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाला स्वतः कातलेला पाळणाच टांगायचा, हा त्यांचा हट्ट होता. आणि ऐन वेळी लाकूड कातायच्या पटाशीला धार लावायचा दगड दुभंगला होता.

"मास्तर, बेळगावच्या दुकानाला चिट्टी लिवा. बारका ग्राइंडर पायजे, सावकाश फिरनारा. पटाशी तापली की निळी पडती, मग धार ऱ्हात न्हाई."

"मामा, बारका लिहिला तर ते काय पाठवतील?"

"बारका."

त्यांच्या अज्ञानाची मला कीव आली. सूचिपत्रातले सर्वांत मोठे चित्र मी निवडले: दोन चाके, थ्री-फेज मोटर, भरधाव वेग.

"येवडा कशाला ओ?"

"वरचे लोक कापतात, मामा. कापून बारकाच येईल."

"व्हय? मग लिवा."

'अर्जदार अत्यंत गरजू असून' हे वाक्य मी पदरचे घातले.

दुकानदाराने काहीही कापले नाही. बसच्या टपावरून ते धूड उतरवायला चौघे लागले. वीज बनवणारे सुपा धरण एवढे जवळ, पण मामांच्या घरी सिंगल फेजच. थ्री-फेज फक्त भाताच्या गिरणीत. बैलगाडीतून यंत्र तिथे नेले. मामांनी पटाशी टेकवताच ठिणग्यांचा फवारा उडाला आणि पात्याचे टोक निळेजांभळे झाले.

गिरणीवाला म्हणाला, "मामा, ह्येच्यावर पाळना कशाला, रेल्वेचं इंजान करा की!"

तेवढ्यात मामांच्या घरून निरोप आला: लेकीला मुलगी झाली. म्हणजे बारशापर्यंत हाती बारा दिवस.

मी तातडीने दुकानदाराविरुद्ध तक्रार लिहायला बसलो. मामांनी माझ्यासमोरची दौत बाजूला ठेवली. "चिट्टी ऱ्हाऊ द्या. पाना धरा."

यंत्राचे एक चाक त्यांनी सोडवले, लाकडाचा दांडा कातून त्यात घट्ट बसवला आणि आपल्या घरच्या, पायाने चालवायच्या लेथवर चढवले. शेजारी पाण्याची बादली ठेवली. पायटा, म्हणजे लेथची पायाखालची फळी, मारण्याचे काम, गुन्ह्याच्या मानाने सौम्य शिक्षा म्हणून, मला मिळाले.

"सावकास, मास्तर! कचेरी बंद हुतीया का?"

पटाशी क्षणभर दगडाला, क्षणभर पाण्यात. निळा भाग झिजून गेला, खाली स्वच्छ पोलाद दिसले. मामांनी अंगठ्याने धार पाहिली आणि यंत्र आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे रागाशिवाय पाहिले. त्यानंतर रोज संध्याकाळी मी कचेरीसमोरून थेट पायट्यावर जात असे.

बारशाच्या सकाळी पाळणा टांगला गेला. लेकीने आधी तो रिकामाच हलवला आणि कान लावून ऐकले.

"बाबा, जरा बी कुरकुरत न्हाई," ती म्हणाली आणि तिने बाळाला आत निजवले.

मामा मटकन खाली बसले. मीही बसू पाहत होतो, परंतु इतक्या दिवसांच्या पायट्याने आखडलेले गुडघे वाकेनात. शेवटी बायकांच्या रांगेतून एका म्हाताऱ्या आजींनी माझ्यासाठी आपला पाट सोडला.