भिंतीवरून गेलेली वायर

शेंद्र्याच्या रस्त्याला लागून आमची वसाहत. तिथं वीज गेली की परत कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून आम्ही गच्चीवर सोलार पॅनल आणि जिन्याखाली इन्व्हर्टर-बॅटरी बसवून घेतली. शेजारी काका-काकू राहायचे. काका कंपनीतून निवृत्त झालेले, लेक वैजापूरला दिलेली. काकूंची फुप्फुसं कमजोर, त्यामुळं ऑक्सिजनच्या मशीनची नळी दिवसभर नाकाला.

एका दुपारी वीज गेली आणि काका कंपाउंडच्या भिंतीशी येऊन उभे राहिले.

"पोरी, तुझ्याकडं लाईट हाय ना? हिचं मशीन तेवढं चालू दे."

मी खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड पलीकडे दिला. काकूंच्या ओठांचा निळेपणा ओसरताना मी पाहिला, आणि त्यानंतर त्यांना कशालाच नाही म्हणणं मला जमलं नाही.

उन्हाळ्यात पंखा हवा झाला, मग फ्रिज. काकांनी ओळखीच्या वायरमनकडून एक लांब वायर करून आणली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक पिन आमच्या बोर्डात, दुसरी त्यांच्या, की त्यांचं अख्खं घर आमच्या बॅटरीवर चालायचं. वायरमननं बजावलं होतं, "आधी काकांनी त्यांची मेन खाली करायची, मगच तुम्ही बटण दाबायचं. मेन वर राहिली तर तुमची वीज उलटी खांबावर जाईल."

माझ्या नवऱ्याला ती वायर पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. "दोन्हीकडं पिन असलेली वायर घरात नसावी," तो म्हणाला. मी म्हटलं, काका आहेत ना लक्ष ठेवायला.

मग ते रोजचंच झालं. वीज गेली की मी भिंतीवरून विचारायचे, "काका, मेन खाली केली का?" पलीकडून "व्हय" आलं की बटण दाबायचे.

दुसऱ्या वर्षी काकांचं काहीतरी बिनसायला लागलं. एकाच सकाळी ते तीनदा विरजण मागायला आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या दुसऱ्या हातात पहिल्या दोन वाट्या होत्या. आपल्याच फाटकाची कडी कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना शोधावं लागे. दोनदा "व्हय" ऐकून मी बटण दाबलं आणि आमचा इन्व्हर्टर कर्कश ओरडून बंद पडला. पलीकडे जाऊन पाहिलं तर मेन वरच. सगळ्या गल्लीचा भार आमच्या इन्व्हर्टरवर आला होता. काका ओशाळं हसले. मी कागदावर ठळक अक्षरांत 'आधी मेन' लिहून तिथं चिकटवलं आणि स्वतःचं समाधान करून घेतलं.

त्यांच्या लेकीला फोन करायचं मनात होतं. केला नाही. कळलं तर ती दोघांना घेऊन जाईल, असं वाटायचं. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण त्यानं त्याच दिवशी वायर कापली असती.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. खांबावरून काकांच्या घरात येणाऱ्या वायरचं वरचं टोक ठिणग्या उडून जळायला लागलं. तक्रार केल्यावर दुपारी दोन लाईनमन आले आणि तेवढ्यात वाऱ्यानं ते टोक सुटलंच. त्यांनी गल्लीची वीज बंद केली. एक खाली थांबला, दुसरा पट्टा बांधून वर चढला.

"काका, मेन खाली केली का?"

"व्हय व्हय. कवाच."

मी बटण दाबलं. इन्व्हर्टर ओरडला नाही. त्या शांततेनं मला धीर आला. वायरचं टोक खांबापासून सुटलेलं होतं. वीज गल्लीत पसरूच शकत नव्हती, म्हणून इन्व्हर्टरला काही जाणवलं नाही. हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले.

वरून काकांचा ओटा दिसायचा. ओट्यावरच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. गल्लीत वीज नाही, मग मीटर कसा चालू? मेन खाली असती तर आमची वीज मीटरपर्यंत पोचलीच नसती. मान वळवून खांबाकडे पाहिलं. लाईनमननं एक हातमोजा काढून पट्ट्यात खोचला होता आणि तो सुटलेल्या टोकाकडे हात नेत होता.

मी ओरडले. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं. मी जिना उतरत असताना बाहेर पत्र्यावर पक्कड पडल्याचा आवाज झाला. मी आमच्या बोर्डातली पिन ओढून काढली. पलीकडे काकूंचं मशीन बंद पडलं आणि त्याचा इशाऱ्याचा बारीक सूर सुरू झाला.

लाईनमन पट्ट्याला लटकत होता, मान खाली. त्याच्या जोडीदारानं त्याला उतरवलं. श्वास चालू होता. मी तिथून काकूंकडे पळाले, एक्स्टेंशन बोर्ड लावून मशीन सुरू केलं. काका खुर्चीत बसून विचारत होते, "लाईट का गेली?"

चौकशीला वीज मंडळाचे साहेब आले तेव्हा काका ठामपणे म्हणाले, "म्या मेन खाली केली व्हती. शपथ घेतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. मेन वर होती, सगळ्यांनी पाहिली होती. मी सांगितलं की वायर आमच्या घरातली आहे आणि बटण मी दाबलं. काका विसरतात हे मला कितीतरी महिन्यांपासून ठाऊक होतं, ते मात्र सांगितलं नाही.

आठवड्याभरात लेक दोघांना वैजापूरला घेऊन गेली.

लाईनमन वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. त्यानं विचारलं, "म्हाताऱ्याला आठवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं," मी म्हणाले.

त्यानं डाव्या हातानं कप माझ्याकडे सरकवला. "मग मी चढलो तेव्हा सांगायचं होतं, ताई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याची बायको आत निघून गेली.