गौरम्माचा केळ्याचा ब्रेड

लातूर जिल्हा नवा झाला आणि गौरम्माच्या माडीवर कचेरीतले एक साहेब भाड्यानं आले. साहेबांच्या बायकोनं तिला केळ्याचा ब्रेड शिकवला. गौरम्मा लिंगायत, तिनं अंडं वगळून सोडा घातला. अक्रोड कुठून आणणार? त्या वर्षी दुष्काळ होता, तरी पेरणीला राखलेले दोन मुठी शेंगदाणेच कुटून घातले आणि पातेल्यात वाळू तापवून ब्रेड भाजला.

बसवजयंतीला तो गल्लीतल्या बायकांपुढं ठेवला. कुणी हात लावला नाही.

"अंड्याबिगर असं फुगतंय व्हय? आमाला बाटवायलीस का गं?" शेजारची शरणम्मा सगळ्यांदेखत म्हणाली.

गौरम्मानं शिवाची आण घेतली, पण ऐकतंय कोण! ब्रेड म्हशीपुढं गेला.

पंधरा दिवसांनी साहेबांच्या बायकोनं त्याच बायकांना चहाला बोलावलं. बशीत ब्रेड पडायचा अवकाश, शरणम्मानं तीन तुकडे उचलले.

"लई मऊ झालंय, बाईसाहेब! गौरे, शिक जरा."

माडीवरच्या मोरीपाशी पडलेली चार अंड्यांची टरफलं सकाळी गौरम्मानंच झाडून काढली होती. तिनं बशी शरणम्माकडं सरकवली.

"खा की अजून एक."