पाहुण्याच्या हातून

आमच्या पांढुर्ण्याच्या सेवा मंडळाचे सेक्रेटरी साधा हारसुद्धा पाहुण्याच्या हातूनच घालून घेत. शिष्यवृत्ती माझ्या पैशाची, पण स्टेजवर मला कधी खुर्ची नाही. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून पाहुणेही तिकडचेच, आणि उशिरा येणारे.

त्या दिवशी पाहुण्याची गाडी लेट होती. शिष्यवृत्तीच्या मुलीला त्याच गाडीनं पुढं नागपूरला कॉलेजात रुजू व्हायचं होतं.

"पाकीट मी देतो. पोरीची गाडी चुकते ना!" मी भडकलो.

"थांबा शेटजी, विचार करून राहिलो."

मग सेक्रेटरी मुलीला, हाराला आणि सगळ्या सभेला घेऊन स्टेशनावर निघाले. पाहुण्यानं उतरताच पाकीट दिलं, अन् ती त्याच डब्यात चढली म्हणे.

मी पाहिलं नाही. "शेटजी, तुम्ही इथंच बसा. खुर्च्या भाड्याच्या आहेत," असं मला बजावून ते गेले होते.

मी स्टेजवर जाऊन पाहुण्याच्या खुर्चीत बसलो.