पोसायडनची जयंती

धाड गावच्या शेषराव सोनुने सरांनी एकतीस वर्षं जवळच्याच एका शाळेत चित्रकला शिकवली, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे त्यांना ती कोणी शिकवू दिली नाही. त्यांचा तास गणितवाले मागून न्यायचे, परीक्षा जवळ आली की इंग्रजीवाले न मागताच न्यायचे, आणि सर रंगाचा डबा घेऊन शाळेच्या भिंतींवर सुविचार लिहीत फिरायचे. माजी मुख्याध्यापकांची यादी त्यांनी लिहिली, देणगीदारांची लिहिली, मुतारीवरचं 'मुले' आणि 'मुली'सुद्धा त्यांच्याच सुबक अक्षरात आहे. त्यांचं स्वतःचं नाव मात्र एकाही भिंतीवर नव्हतं. भिंतीचं सोडा, कोणाच्या तोंडातही नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना 'ड्रॉइंग सर' म्हणत.

हे दुखणं निवृत्तीनंतर उफाळून आलं. चित्र आपलं, खाली नाव आपलं आणि ते लोकांनी वाचायचं, एवढं एकदा डोळ्यांनी पाहायचं त्यांनी मनावर घेतलं. आता एवढ्यासाठी माणसानं एखादी बैलजोडी काढावी, फार तर मळा काढावा. पण सरांना सरळ सुचलं असतं तर ते चित्रकलेकडे वळलेच नसते. मुलीनं, जयमालानं, दिलेल्या मोबाइलवर त्यांनी एका परदेशी बाईला पाहिलं. बाई वितळलेल्या मेणात रंग कालवून फळीवर समुद्रातले ग्रीक देव काढत होती. तिची भाषा सरांना कळली नाही, हात कळले. त्याच दिवशी त्यांनी मेण वितळवायला घरचा तवा पळवला.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण लोणारचं पाणी खारट आणि समुद्राचंही खारट, मग फरक काय उरला, असं म्हणून त्यांनी लोणारचाच हिरवा रंग धरला. आठवडी बाजारात मधवाल्याकडून पोळ्याचं मेण आणलं. ते कमी पडलं, तेव्हा किराणा दुकानातल्या मेणबत्त्या त्यात बेधडक ढकलल्या. चित्र काढलं शाळेतल्या मोडक्या बाकाच्या फळीवर. लाटांच्या फेसाला खामगावहून आणलेली कापसाची रुई, देवाच्या दाढीला सुतळी, मासोळ्यांच्या खवल्यांना लसणाची सालं, त्रिशूळाला सायकलच्या तारा. या सगळ्यावर मेण ओतायचं आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. दोन महिने घरातल्या भाकरीला मेणाचा वास येत होता आणि धुतलेल्या कपड्यांना समुद्राचे डाग पडत होते.

"हा कोन हाय पण?" वच्छलाबाईंनी एकदा नवऱ्याला विचारलंच.

"पोसायडन. ग्रीक लोकायचा समुद्राचा देव."

"करते काय?"

"जहाजं बुडवते. राग आला का धरतीकंप करते. अन्..." सर जरा अडखळले, "बायायच्या मांगं लागते."

"मंग याले देव काऊन म्हनतेत? असे तर आपल्या गावातच चार हायेत. त्यातल्या दोघायले आपन निवडून देल्लं."

सरांनी खिळ्याच्या टोकानं उजव्या कोपऱ्यात, मेण कोरून, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. त्यात कलाप्रदर्शन होतं, आणि सरांनी आदल्या दिवशी चित्र शाळेत पोचवलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते पत्नीसह मंडपात आले, तर चित्र प्रदर्शनाच्या खोलीत नव्हतंच. ते थेट स्टेजवर होतं, समईच्या मागे, झेंडूच्या माळांत. सरांचा ऊर भरून आला. "पाह्य," ते बायकोला म्हणाले, "कदर हाय लोकायले."

कदर वगैरे काही नव्हती. झालं होतं असं, की उद्घाटनाला प्रतिमापूजन लागतं, प्रतिमा कपाटात होती, कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात होती आणि क्लार्क लग्नाला गेला होता. शिपाई राम याला कोणी तरी ओरडून सांगितलं, "अरे, एखाद्या महापुरुषाचा फोटो ठेव पटकन!" रामनं शाळाभर नजर फिरवली. सगळ्यात मोठी दाढी पोसायडनची होती.

प्रमुख पाहुणे माजी सभापती कारभारीअण्णा. त्यांनी हार घातला, समईच्या पाचही वाती पेटवल्या, हात जोडले आणि माइक धरला. "या थोर पुरुषानं समाजासाठी आयुष्य झिजवलं," अण्णा म्हणाले. "त्यायच्या विचाराची देशाले आज खरी गरज हाय. विशेष करून मातामाउल्यायबद्दल त्यायच्या मनात जो आदर होता, तो आजच्या पिढीनं घ्यावा." टाळ्या पडल्या. नवे हेडमास्तर जोरजोरात मान हलवत होते. ते सरांच्या निवृत्तीनंतर बदलून आलेले, त्यांनाही फक्त 'ड्रॉइंग सर' एवढंच माहीत होतं.

इकडे समईची धग लागून उजवा कोपरा चकाकायला लागला होता. मेण सुटत होतं. आधी आडनाव ओघळलं.

"दिवा सरकवा ना जाऊन!" वच्छलाबाई कुजबुजल्या.

"पाहुण्यायनं लावेल दिवा हाय. कसा सरकवू?"

"नाव चाल्लं तुमचं!"

"भाषन होऊ दे."

एकतीस वर्षं या माणसानं कोणाच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं, आजही घातलं नाही. मान खाली घालून बसणं त्यांना चित्रकलेपेक्षा चांगलं जमत असे. शेवटी वच्छलाबाई पदर खोचून स्टेजवर चढल्या आणि समई सरकवायला वाकल्या. मंडपाला वाटलं, बाई पाया पडली. झालं! मागोमाग पुढच्या रांगेतल्या रुखमाबाई उठल्या, बेबीताई उठल्या, बायकांची रांग लागली. मऊ मेणावर हळद-कुंकवाची बोटं उमटली, झेंडूच्या पाकळ्या रुतल्या. समई सरकली तोवर कोपरा कोरा झाला होता.

हा महापुरुष नव्हे, पोसायडन आहे, असं सरांना सांगता आलं असतं. तेव्हाही, नंतरही. पण दोन दिवसांनी पूजनाचा फोटो पेपरात आला आणि मग कोणालाच ते ऐकायचं नव्हतं. पेपरात छापलेला महापुरुष खोटा कसा ठरवणार? हेडमास्तरांनी प्रतिमा ऑफिसात पश्चिमेच्या खिडकीसमोर, उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराच्या हातभर खाली लावली आणि सरांना बोलावून घेतलं.

"यांचं नाव तेवढं लिहून द्या. अक्षर तुमचंच चांगलं आहे," ते म्हणाले. नाव कोणतं, ते विचारायची त्यांना लाज वाटली.

सरांनी पत्र्याची पट्टी घेतली, ऑइलपेंट घेतला. एकही अक्षर वाकडं आलं नाही. पट्टी चित्राच्या वर ठोकली. 'शेषराव रामजी सोनुने.'

हेडमास्तरांनी वाचलं. "वा! आपल्याच भागातले का हो?"

"हो. धाडचेच."

"बघा, आपल्याला माहीत नसतं. जयंती कधी असते?"

शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख गावातल्या निम्म्या पोरांना वाटली, तीच सरांच्याही वाट्याला आली होती. "एक जून," ते म्हणाले.

"सुट्टीत येते," हेडमास्तर म्हणाले. "बरं झालं."

घरी वच्छलाबाईंनी हे ऐकलं तशा कडाडल्या. "जित्या मानसाचं नाव हाराच्या फोटोवर लिवतेत का? तोंड उघडलं असतं तं चित्र तुमचं राह्यलं असतं. आता तुमी चित्राचे झाले."

एक जूनला सरांनी इस्त्रीचा सदरा घातला. वच्छलाबाई कुरकुरत का होईना, सोबत निघाल्या. शाळेला सुट्टी, आवारात शेळ्या. रामनं ऑफिसचं कुलूप काढलं आणि दारातच थांबला.

मेच्या उन्हानं काम चोख केलं होतं. फळी कोरी पडली होती. खाली फरशीवर हिरवट मेणाचा गोळा थिजला होता, त्यात रुई, सुतळी, लसणाची सालं, वाळका झेंडू आणि सायकलच्या तारा. वरची पट्टी तेवढी जागच्या जागी होती. पक्का रंग, सुबक अक्षर, एक काना हललेला नव्हता.

"नाव लय मजबूत लिवलं सर तुमी," राम म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं.

सर पट्टीकडे पाहत उभे राहिले. भिंतीवरचं आपलं नाव ते पहिल्यांदाच इतक्या निवांत वाचत होते, आणि नावाखाली दाखवायला बोटभरही चित्र नव्हतं.

वच्छलाबाईंनी खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली. "बसा," त्या म्हणाल्या. "मनसोक्त वाचून घ्या. शाळा उघडली का मेनाच्या गोळ्यासंगं राम ते नाव पन झाडून टाकीन."