तळ्यातून परत आलेलं निर्माल्य

नांदेडकर मंडळी, आजचं सांगायला लई लाज वाटून राहिली, तरी सांगतो.

आम्ही नवरा-बायको दोन लेकरांना घेऊन भाड्याच्या गाडीनं नॉर्वे फिरून राहिलोत. माझी रोजची लिंगपूजा प्रवासातही चुकत नाही. तीन दिवसांची फुलं-पानं प्लास्टिकच्या पिशवीत साठली होती. दुपारी तळ्यावरचा पूल लागला. गोदावरीच्या पुलावर करतो तेच केलं. गाडी हळू केली, काच खाली घेतली, नमस्कार करून पिशवी फेकली.

पूल संपल्यावर काठाला जेवायला थांबलो. तितक्यात सत्तरीची एक बाई होडी वल्हवत आमच्याकडं आली. तिच्याजवळ आमची पिशवी होती. तिनं ती स्वतःच्या रुमालानं पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"तुमच्या गाडीतून पडली," ती इंग्रजीत म्हणाली. "महत्त्वाचं काही असेल म्हणून आणली."

मी म्हणालो, "हो, वाऱ्यानं उडाली. थँक्यू."

सहा वर्षांची ओवी शेजारीच होती. "पप्पा, उडाली न्हाई. तुम्ही फेकली ना?"

बाईला मराठी कळलं नाही. ती ओवीकडं बघून हसली आणि गेली.

इतकी वर्षं पुलावरून पिशव्या टाकल्या. एकही परत आली नाही, म्हणून देवाला पोचली असं धरून चाललो.

आता ती पिशवी ओवीच्या मांडीवर आहे. मी मागितली तर म्हणते, "तुम्ही परत फेकाल."

तुमच्या लेकरानं असं म्हटलं असतं, तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?