प्रथमफळाचा क्रेट

कोंडाजी आपणहून बोलला की काहीतरी बिघडलंय असं समजावं, असं त्याची बायको नवसाबाई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दिंडोरीच्या बाजूला चिमाजीअण्णांच्या द्राक्षबागेत हा माणूस बावीस वर्षं फवारणी करत होता. भुरीचा पहिला पांढरा ठिपका त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा. कळायचं पुष्कळ, पण सांगायचा विचारलं तरच. "आपण कोण सांगणारे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकायला नम्रपणाचं वाटतं, म्हणून ते वर्षानुवर्षं खपून गेलं.

एकदा मात्र ते फार महागात पडलं, तेही त्याला नाही, दुसऱ्याला. चार वर्षांपूर्वी बागेतल्याच धोंडीरामनं औषधाचा रिकामा कॅन विसळून त्यात प्यायचं पाणी भरलं. कोंडाजी नळापाशी उभा होता. धोंडीराम वयानं मोठा आणि डोक्यानं तापट, त्यामुळे कोंडाजीच्या ओठांपर्यंत आलेलं तिथंच राहिलं. ते पाणी पिऊन धोंडीराम अकरा दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण नजर गेली ती गेलीच, आणि बागेचं काम सुटलं. आपण ते पाहिलं होतं, हे कोंडाजीनं बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

चिमाजीअण्णा आणि कोंडाजी नाशिकच्या एकाच चर्चच्या मंडळीतले. अण्णा चर्चचे पंच, ते पुढच्या बाकावर. कोंडाजी शेवटच्या. दर फेब्रुवारीत तिथं प्रथमफळाचा रविवार असतो. बागायतदार हंगामाचं पहिलं फळ वेदीपुढं आणून ठेवतात, पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि पहिला क्रेट लगेच मुलांना वाटतात. एरवी बाजारातली काकडीसुद्धा तीनदा धुणाऱ्या बाया हे फळ मात्र धूत नाहीत. प्रार्थना झालेल्या फळावर पाणी कशाला ओतायचं, अशी समजूत. ती कुणी रुजवली, कुणास ठाऊक.

यंदा त्या रविवारच्या आधी गुरुवारी, छाटणी उशिरा झाल्यानं अजून कच्च्या असलेल्या तुकड्यावर फवारणी झाली आणि टाकीत थोडं औषध उरलं. ओतून टाकायला कोंडाजीचा जीव होईना. घराजवळच्या चार ओळींवर भुरी दिसत होती आणि तो माल इतक्यात निघणार नाही असं धरून त्यानं उरलेलं तिथं मारून टाकलं. अण्णांना विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. परदेशी जाणाऱ्या मालासाठी अण्णा औषध मारल्यावर तोडणीआधी जाऊ द्यायचा एकेक दिवस मोजायचे, घड तपासायला पाठवायचे. देवाला द्यायचा माल कोण तपासतो? शनिवारी कोंडाजी दूरच्या तुकड्यात असताना बायकांनी चर्चसाठी नेमक्या त्याच ओळी तोडल्या.

रविवारी सकाळी पिकअपमध्ये क्रेट चढवताना त्यानं नवसाबाईला विचारलं, "कुठल्या ओळी गं?"

"घराजवळच्या. लय गोड हायेत."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण गेल्या वर्षी औषधात चुकलेल्या एका गड्याला अण्णांनी संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला लावली होती, आणि कोंडाजीची खोलीही बागेतच होती. तो मागं क्रेटांपाशी बसला आणि दिंडोरीपासून नाशिकपर्यंत स्वतःची समजूत घालत राहिला. चार मण्यांनी काय होतंय. उतरल्यावर बघू. उतरल्यावर त्यानं स्वतःच्या हातांनी क्रेट वेदीपुढं नेऊन ठेवले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. इतकं कळणारा माणूस इतका भित्रा असावा याचा संताप येतो, पण तो तसा होता.

प्रार्थना संपली. मुलं रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढं पाचेक वर्षांची एक मुलगी ओंजळ पुढं करून उभी होती. पाळकसाहेबांनी घड उचलला. कोंडाजीच्या डोळ्यांपुढं तोंडाला कॅन लावलेला धोंडीराम आला, आणि आपण उठलोय हे त्याला अर्ध्या वाटेत कळलं. पुढं जाऊन त्यानं क्रेटवर हात ठेवला.

"पाळकसाहेब, हे पोरांना देऊ नका. गुरुवारी मी यावर औषध मारलंय. अण्णांना ठाऊक नाय. चूक माझी हाय."

"धुऊन घेऊ की," मागून कुणीतरी म्हणालं.

"धुऊन भागायचं नाय," कोंडाजी म्हणाला. तीस वर्षांत त्या चर्चमध्ये तो एवढं पहिल्यांदाच बोलला होता. पाळकसाहेबांनी घड खाली ठेवला आणि मुलांना बिस्किटं वाटायला सांगितलं. पुढच्या बाकावर अण्णा मान खाली घालून बसले होते.

परतल्यावर अण्णांनी कुदळ घेतली. बागेत खड्डा काढून सगळी द्राक्षं पुरली. माती लोटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी का नाही बोललास?"

"भ्यालो."

अण्णांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "खोली राहू दे. पण उद्यापासून फवारणीच्या कामाला हात लावायचा नाही."

बावीस वर्षांत माणसाला ज्याचा अभिमान होता ते एकच काम गेलं. वाईट वाटलं त्याला, खूप वाटलं. पण तो खोलीकडे वळला नाही. तसाच मातीच्या हातांनी वस्तीवर धोंडीरामच्या घरी गेला. धोंडीराम ओट्यावर बसून चाचपत लसूण सोलत होता.

"दादा, मी कोंडाजी. तू त्या कॅनात पाणी भरलंस तवा मी नळापाशी उभा होतो. मला समजलं होतं. बोललो नाय."

धोंडीरामचे हात थांबले.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तवा मला दिसत होतं. बस इथं."