घोसाळी

भाजीवालीच्या टोपलीत दोडके आणि घोसाळी शेजारी शेजारी पडली होती. मी सवयीने दोडक्यांकडे हात नेला.

"काका, आत्ता घोसाळी म्हणालात ना?" ती हसली. "बोट फिरवून बघा. शिरा लागल्या तर दोडका. घोसाळं गुळगुळीत."

मी बोट फिरवलं. दोडक्याच्या उभ्या शिरा टोचल्या. घोसाळ्यावर बोट कुठेच अडलं नाही. एवढाच फरक, आणि तो मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायको म्हणाली होती, "घोसाळी आणा, भजी करते. माहेरी आई करायची." मी दोडके आणले. तिने चूक दाखवली तेव्हा म्हणालो, "एकच की गं ते." पुढेही दोन-तीनदा दोडकेच आणले. मग तिने सांगणं सोडलं. दोडक्याच्या शिरा काढून, तीळ घालून ती त्यांची चटणी करू लागली. त्या चटणीचं मी पाहुण्यांसमोर कौतुक करत आलो. ती माझ्या न ऐकण्यातून निघाली होती, हे कधी मनातही आलं नाही.

मला फरक कळत नव्हता, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर मी बोट फिरवून पाहिलंच नव्हतं.

घरी पिशवी तिच्यापुढे रिकामी केली. तिने एक घोसाळं उचललं, त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दोडके संपले होते का बाजारात?"